सुंभाचा पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. परवा ही म्हण माझ्या तोंडून भलत्याच माणसांबद्दल गेली आणि तेव्हापासून मनातून जात नाही.

लहानपणी मी खरंच चुलीत सुंभाचा तुकडा टाकून पाहिला होता. राख झाली, पण राखेतही पेड न् पेड दिसत होता. चिमटा लावला आणि भुगा झाला. म्हणजे म्हण खरी, ती हात लागेपर्यंतच? आणि पीळ काढला तर सुंभात उरतं काय, नुसता काथ्याच ना?

वेठबिगारीचा सुंभ 1976च्या कायद्यानं जाळला, कर्जासकट. तरी 1982मध्ये वसईकडे विवेक आणि विद्युल्लता पंडितांना वेठबिगार सोडवायला श्रमजीवी संघटना उभारावी लागली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढून मालकाकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. केवढं गोड नाव! सोडवलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी काम नसेल, तर तो त्याच दारात जातो. 2022मध्ये इगतपुरीकडची कातकरी मुलं शेजारच्या नगर जिल्ह्यात मेंढ्यांमागे राबताना सापडली. आईबापांच्या हाती काही हजार रुपये, एखादी मेंढी.

हे सगळं लांबचं म्हणून बोलायला सोपं. आमच्या पिंपरी पेंढार गावात ऊसतोडीला टोळी येते, ती मुकादमाची उचल घेऊनच. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. बिबट्याच्या भीतीनं आम्ही दिवेलागणीला दार लावतो. त्यांच्या कोपीला दारच नसतं. ‘दरवर्षी फेडतात, दरवर्षी पुन्हा उचल घेतात,’ असं म्हणून मी ती म्हण त्यांना चिकटवली होती.

पण उचल तर आम्हीही घेतो. कारखान्यानं उसाची पहिली उचल किती द्यायची, यावरून आंदोलनं होतात. शब्द तोच. आमची उचल आमच्याच मालाचे पैसे, त्यांची मात्र अजून न केलेल्या कामाचं कर्ज. एकाच शब्दाला असे दोन उलटे पीळ कोणी दिले?

फडात मी कुणाला तरी फोनवर म्हणत होतो, ‘यंदा पहिली उचल बरी मिळणार.’ शेजारी एक बाई दोन वाढे पिळून मोळी बांधत होती. गुडघ्यानं दाबत तिनं विचारलं, ‘मंग दादा, तुमची कवा फिटायची?’

मी हसलो. ती हसली नाही. ट्रॉली अजून अर्धीच भरली होती.