धुराच्या वाटेवरचा पडदा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लिहावे, हे पाहून कोणी नाक मुरडील. पण आमच्या घरी जेवताना काव्यशास्त्रापेक्षा पिस्टनचीच चर्चा जास्त होते, त्याला माझा इलाज नाही. माझा मामेभाऊ कार्टच्या शर्यतींतला मेकॅनिक आहे. कार्ट म्हणजे जमिनीपासून चार बोटे उंच, टप नाही, स्प्रिंगा नाहीत, अशी चिमुकली मोटार. तिच्या कुशीत ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे १२५ सी. सी.चे टू-स्ट्रोक इंजिन असते. १९९७ साली निघालेले हे इंजिन मिनिटाला १४,००० फेऱ्यांपर्यंत जाते.

टू-स्ट्रोकला स्कूटरच्या जमान्यापासून आपण ओळखतो. त्याच्या सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि वर-खाली होणारा पिस्टन हेच त्यांचे दार. पिस्टन खाली येऊ लागला की आधी धुराची खिडकी उघडते, मग ताज्या मिश्रणाच्या. आता सारा घोळ आहे तो धुराच्या खिडकीची वरची कड कुठे ठेवायची याचा. ती उंच ठेवली तर खिडकी लवकर उघडते व बराच वेळ उघडी राहते. भरधाव वेगात हे हवेच असते, कारण धूर बाहेर पडायला वेळच नसतो. पण तेच इंजिन सावकाश फिरत असले, तर पिस्टनला पुरता रेटा देण्याआधीच जळलेला वायू निसटतो आणि त्याच्या मागोमाग ताजे पेट्रोलही! कड खाली ठेवली, तर वळणावरून निघताना जोर मिळतो, पण सरळ रस्त्यावर इंजिनाचा श्वास कोंडतो.

धुराची नळी मध्येच फुगवून, निमुळत्या टोकावरून परतणाऱ्या दाबाच्या लाटेने ते निसटते पेट्रोल पुन्हा आत ढकलण्याची युक्ती पूर्व जर्मनीच्या वाल्टर काडेनने एम. झेड. मोटरसायकलींवर पूर्णत्वास नेली. १९६१ साली त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, त्याच्यासोबत ती विद्या जपानच्या सुझुकीकडे गेली, आणि १९६२ साली डेग्नर सुझुकीवर ५० सी. सी.चा जगज्जेता झाला. (आमच्या इतिहासाच्या पुस्तकात शीतयुद्ध आहे, सायलेन्सर नाही.) मात्र ही लाट आपल्याच वेळेने परत येते, इंजिनासाठी थांबत नाही. म्हणून ठरावीक वेगातच तिचा उपयोग.

यावरचा तोडगा म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह. धुराच्या खिडकीच्या वरच्या कडेला धातूची एक सरकती पट्टी. वेग कमी असताना ती खाली उतरून खिडकी बुटकी करते, वेग वाढला की वर सरकते. सुरुवातीच्या रोटॅक्समध्ये ती उचलायला वीज नव्हती की तार. धुराच्या वाटेतूनच एक बारीक छिद्र निघते. त्यातला दाब रबरी पडद्यावर पडतो, तो स्प्रिंगला रेटतो आणि साडेसात हजारांच्या आसपास पट्टी उचलली जाते. धूर आपले दार आपणच उघडतो! वरचा लाल स्क्रू फिरवून स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा. लहान मुलांच्या ज्युनियर वर्गात ही पट्टी मुळीच नसते, आणि गिअर असलेल्या केझेड कार्टलाही तिच्यावाचून चालते, कारण तिथे गिअर बदलून इंजिन सोयीच्या वेगात ठेवता येते.

दुखणे असते ते काजळीचे. पेट्रोलमध्ये तेल, म्हणजे कार्बन आलाच. पट्टी उघडी अडकली तर वळणावर इंजिन मेल्यासारखे, रबर फाटून मिटलेली राहिली तर सरळ रस्त्यावर दम संपलेला. चालवणारा मुलगा दोन्ही वेळा एकच सांगतो, ‘गाडी पळत नाही.’ आणि लाखांनी पैसा ओतलेला त्याचा बाप मेकॅनिककडे बघतो. आमचे दादा पट्टी निपटून काढतात, रबर उजेडासमोर धरून पाहतात. पण खरे निदान ते कानाने करतात. कार्ट वळणातून बाहेर पडताना घोगरा आवाज एका क्षणी मोकळा होतो. तो उशिरा झाला, की दादा स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठलेच.

२०१५ च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनात पट्टीचे हलणे इलेक्ट्रॉनिक डब्याकडे गेले. बारावीनंतर शिक्षण सोडलेल्या दादांना मामा तेव्हापासून ऐकवतात, ‘कानाला पगार कोण देणार आता?’ दादा उत्तर देत नाहीत. त्यांनी नव्या इंजिनाचे इंग्रजी माहितीपुस्तक माझ्यासमोर टाकले. ‘तू बी. ए. करतोस न्हवं? हे मराठीत करून दे. पोरांना शिकवायचंय.’

दिवाळीच्या सुटीत रोज रात्री आम्ही बसलो. मी ‘निष्कास-शक्ती-झडप’ असा शब्द सुचवला, तेव्हा दादा इतके हसले की मामी बाहेर येऊन पाहून गेल्या. ‘लगा, पडदा म्हण की! वर जातो, खाली येतो. नाटकात असतो तसा.’ मी पडदा लिहिले. सतरा पाने झाली आहेत. वायरिंगचे प्रकरण अजून राहिले आहे.