सेल घेते, पण पकडत नाही

कारागिरांच्या बोलीकडे आपण सहसा अपभ्रंशांचा साठा म्हणून पाहतो. गेल्या आषाढात जव्हारला तिचे निराळे सामर्थ्य माझ्या प्रत्ययास आले. वडिलांची प्रीमियर पद्मिनी (कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट ११००चा भारतीय अवतार) त्यांच्या पश्चात अनेक वर्षे उभी होती. ती नव्याने बांधून घेतली होती. त्याच गाडीतून मोखाड्यावरून खोडाळ्यास जावे, अशी ऐंशी ओलांडलेल्या आईची इच्छा होती. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी इंजिन सुरू होईना.

बोलावलेल्या वृद्ध मेकॅनिकने बॉनेट न उघडताच किल्ली फिरवून कान दिला. म्हणाले, “सर, सेल घेते, पण पकडत नाही.”

‘सेल्फ-स्टार्टर’मधल्या ‘सेल्फ’ने अंत्य जोडाक्षरातला ‘फ’ सोडला आणि त्याचा ‘सेल’ झाला. हे ध्वनिपरिवर्तन सर्वपरिचितच आहे. मला मोलाची वाटली ती दोन क्रियापदे. ‘सेल घेते’ म्हणताच बॅटरी व स्टार्टर संशयातून सुटले. ‘पकडत नाही’ म्हणजे इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. उरले प्रामुख्याने पेट्रोल आणि ठिणगी. पाच शब्दांत निम्मा शोध संपला होता!

कार्ब्युरेटरची नळी काढून सेल मारताच पेट्रोल उसळले. नळी बसवून, सांडलेले पेट्रोल पुसून ते वाळल्यावर त्यांनी प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवला, ठिणगी नाही. कॉइलच्या तारेतून मात्र निळी ठिणगी उडाली. दोष या दोहोंमध्ये, म्हणजे ‘डेल्को’त होता. चारही प्लगना क्रमाने वीज वाटणाऱ्या या भागाचे नाव मुळात १९०९ साली स्थापन झालेल्या एका अमेरिकी कंपनीचे. ‘डालडा’प्रमाणे तेही सामान्यनाम झाले आहे.

डेल्कोचे झाकण नवे कोरे होते. तरीही आत ओल धरली होती आणि केसासारखी एक काळी रेघ उमटली होती. वीज प्लगकडे न जाता त्या वाटेने पळत होती. जुन्या गाडीचे झाकण जव्हारला तत्काळ मिळणे कठीण. त्यांनी पात्याने रेघ खरवडली, झाकण कोरडे केले. दुसऱ्या फेरीला इंजिनाने पकडले.

“मोखाड्यापर्यंत नेईल,” ते म्हणाले, “पण पाऊस उघडल्यावर निघा. आणि झाकण बदलल्याशिवाय आजींना पुढे नेऊ नका.”

आई तोवर मागच्या आसनावर जाऊन बसलीही होती.