माजघरांत बसलेला कादंबरीकार

कादंबरीकार कादंबरी कशी लिहितो, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत मला कधीं पडला नव्हता. माझा जन्म शाळेंत गेला. शब्दरूपें, समास आणि 'रघुवंशा'चे सर्ग यांतच मी रमलों. मुलांना निबंध कसा लिहावा हें पुष्कळ वर्षें शिकविलें, त्यामुळें कादंबरी म्हणजे लांबलेला निबंधच, असा माझा समज होऊन बसला होता. तो समज कसा गेला, आणि जातांना मनाला कोणती खंत लावून गेला, हें वाचकांस सांगावेंसें वाटतें.

आमच्या वाईच्या घरीं वडिलांची आत्या होती. आम्ही मुलें तिला आत्याआजी म्हणत असूं. चौदाव्या वर्षीं तिच्या कपाळीं वैधव्य आलें, केशवपन झालें, आणि पुढें साठांहून अधिक वर्षें तिनें तांबड्या आलवणांत आमच्या घरांत काढिलीं. 1971 सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत, मी बारा वर्षांचा असतांना, दुपारीं ती वाती वळीत बसे, आणि मीं तिला कांहीं तरी वाचून दाखवावें, असा आईचा हुकूम होता. घरांतल्या पोथ्या संपल्या, तेव्हां वडिलांच्या कपाटांतून मीं हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी काढिली. यमूचें बालपण, तिचें सासर, रघुनाथानें तिला लाविलेली वाचनाची गोडी, मुंबईस दोघांनीं थाटलेला संसार, हें सारें आत्याआजी मधून मधून हसत ऐके. पुढें रघुनाथ गेला, यमू सासरीं परत आली, आणि शंकरमामंजींनीं तिचें केशवपन करविलें, तो भाग आला. आत्याआजीचा हात थांबला नाहीं. वात वळली जातच होती. एवढेंच म्हणाली, "पुरे आज."

दुसऱ्या दिवशीं मी पुस्तक घेऊन बसलों, तर तिनें विचारिलें, "काय रे, ही लिहिणारी बाई कुठली?"

"बाई नाहीं, आत्याआजी. लिहिणारे पुरुष होते."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मग तो माजघरांत बसून ऐकत असला पाहिजे. ओटीवर बसणाऱ्याला हें कळायचं नाहीं."

मी हंसलों आणि पुढचें पान वाचूं लागलों.

सेवानिवृत्त झाल्यावर माझ्या मनानें घेतलें कीं आत्याआजीवर आपण एक कादंबरी लिहावी. विषय हृदयद्रावक, भाषा हाताशी, उणें कशाचें? दोन महिन्यांत चाळीस पानें झालीं. स्मृतिवचनें आलीं, रूढीवर प्रहार झाले, करुणरसाचा परिपोषही (माझ्या मतें) यथासांग झाला. तीं पानें मीं मोठ्या उत्सुकतेनें सूनबाईंच्या हातीं दिलीं. त्यांनीं तीं रात्रीं वाचिलीं आणि सकाळीं चहा देतांना संकोचानें म्हणाल्या, "बाबा, छान लिहिलं आहे. पण यांत आत्याआजी कुठेंच बोलत नाहींत. तुम्हीच बोलतां."

राग आला, हें लपवीत नाहीं. परंतु दुपारीं मीं तेंच जुनें पुस्तक पुन्हा काढिलें, आणि या वेळीं गोष्टीसाठीं नव्हे, तर ती घडविली कशी हें पाहण्यासाठीं वाचूं लागलों.

विधवांचें दुःख मराठी कादंबरीस नवीन नव्हतें. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' 1857 सालींच निघालें होतें. त्यांतली यमुना ठिकठिकाणीं फिरते, विधवांची दैना पाहते. पण तिच्यामागें उभा असलेला उपदेशक वाचकाला सतत दिसत राहतो. पुढें 1861 च्या 'मुक्तामाले'पासून अद्भुताचा सुकाळ झाला. अशा वाङ्मयांत वाढलेल्या हरिभाऊंनीं 1890 मध्यें 'करमणूक' हें साप्ताहिक काढिलें, आणि त्यांतून यमूची ही आत्मकथा क्रमशः येऊं लागली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. बाहेर संमतिवयाच्या बिलावरून रणें माजलीं होतीं. 1891 मध्यें कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून दोन्ही पक्षांचे शास्त्रार्थ चालले होते. हरिभाऊंना शास्त्रार्थ दूरचा होता असेंही नाहीं. आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि माझ्या कपाटांतल्या त्या संस्थेच्या कित्येक संस्कृत ग्रंथांवर प्रकाशक म्हणून त्यांचेंच नांव छापलेलें आहे. एवढें भांडार भोंवतीं असतां यमूच्या तोंडीं त्यांनीं तें घातलें नाहीं. ती घरांतल्या बाईच्या साध्या बोलीनें बोलते. संस्कृतज्ञाला हा संयम किती कठीण, हें माझीं चाळीस पानें सांगतील!

मला दिसलेली पहिली युक्ति ही, कीं लेखकानें स्वतःचें ज्ञान उंबऱ्याबाहेर ठेविलें. ओटीवर पुरुषांचें काय ठरलें, हें माजघरांतल्या बाईला जेवढें आणि जसें कळावें, तेवढेंच वाचकाला कळतें. त्यामुळें तिची भीति आपली भीति होते. दुसरी युक्ति काळाची. यमू हें सारें मागें वळून लिहिते; पुढें काय होणार हें तिला ठाऊक आहे. म्हणून सुखाचे दिवस सांगतांनाही तिच्या शब्दांवर सावली पडते, आणि लेखकाला निराळे अश्रु ढाळावे लागत नाहींत. तिसरी युक्ति क्रमाची. रुसवेफुगवे, मैत्रिणीचीं गुजें, सासरचे टोमणे, नवऱ्यापाशीं चोरून केलेला अभ्यास अशा लहान लहान गोष्टी तो मनसोक्त सांगूं देतो. ती आपल्या घरचीच मुलगी झाली, कीं मग तो न्हाव्याला बोलावितो.

दोष नाहींत असें कोण म्हणेल? कथा फार पसरते, प्रसंग रेंगाळतात. आठवड्याच्या आठवड्यास मजकूर देण्याचा तो परिणाम असावा. हरिभाऊंच्या कांहीं कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. परंतु पाल्हाळ लावणाऱ्या बाईचें बोलणेंही कान देऊन ऐकणारा तो लेखक होता, आणि मला वाटतें, त्याच्या कलेचें मूळ तेथेंच आहे.

हें उमगलें तेव्हां मी पुन्हा लेखणी घेतली, आणि आत्याआजीला बोलूं द्यावें म्हणून थांबलों. ती बोलेना. कशी बोलेल? तिचें माहेरचें नांव मला ठाऊक नाहीं. नवऱ्याचा चेहरा तिला आठवत होता कीं नाहीं, ठाऊक नाहीं. "पुरे आज" म्हणाल्यावर त्या रात्रीं तिला झोंप लागली का, हें मीं विचारिलें नाहीं. कादंबरीच्या नांवांतला प्रश्न मीं तिला मोठ्यानें वाचून दाखविला होता, आणि त्याचें उत्तर तिच्यासमोर मांडी घालून बसलें होतें.

तीं चाळीस पानें मीं बांधून माळ्यावर ठेविलीं. एका कोऱ्या वहींत आत्याआजीच्या तोंडचीं मला खरोखर आठवणारीं वाक्यें तेवढीं उतरून काढिलीं. अकरा निघालीं. ज्यांच्या घरीं अजून कोणी जुनें माणूस दुपारीं एकटें बसलेलें असेल, त्यांनीं माझ्यासारखा उशीर करूं नये. कादंबरी होवो वा न होवो, जवळ बसून ऐकावें.