शुभ बोल गं!

२९ जुलै २०१८. रविवार. सुट्टीच्या दिवशी शहाणी माणसं बीचवर जातात. मी मात्र स्पेनच्या गॅलिसिया भागातल्या सांता मार्ता दे रिबार्तेमे नावाच्या खेड्यात, भर उन्हात उभी होते. समोरून एक शवपेटी येत होती. उघडी. आणि आतला माणूस चक्क जिवंत!

तेव्हा मी युरोपात शिकत होते. 'विअर्ड' फेस्टिव्हल आहे, झकास स्टोरी होईल, एवढाच माझा हिशोब. पण इथला नवसच असा. आजारातून, अपघातातून मरता मरता वाचलेली माणसं सांता मार्ताच्या सणाला शवपेटीत झोपून मिरवणुकीत आली होती. ही मार्ता म्हणजे बायबलमधल्या लाझारसची बहीण. त्याला येशूनं मेल्यावर पुन्हा उठवलं, अशी कथा आहे. मग मरणाच्या दारातून परतलेल्यांनी तिचेच आभार मानायचे, हे लॉजिक पटतं की नाही? पेट्या घरच्यांच्याच खांद्यावर होत्या. सोबत बँड, मेणबत्त्या. आणि बाजूला जत्रेतले ऑक्टोपसचे स्टॉल!

एका पेटीत साठीचे एक काका डोळे मिटून पडले होते. शेजारून चालणारी बाई, बहुधा त्यांची बायको, त्यांना हातपंख्यानं वारा घालत होती. माझा कॅमेरा आपोआप खाली आला. मला बाबा आठवले.

वर्षभरापूर्वी बाबांची बायपास झाली होती. पण आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कुणी बोलायचंच नाही. मी विषय काढला की आईचं ठरलेलं, 'शुभ बोल गं!' तिनं अंबाबाईची ओटी भरायचा नवस केला होता. तोसुद्धा कोल्हापूरला जाऊन गुपचूप फेडून आली.

संध्याकाळी घरी फोन लावला. 'बाबा, इथे लोक शवपेटीत झोपून नवस फेडतात.' मागून आई ओरडलीच, 'काय अभद्र बोलतेय ही!'

बाबा हसले. मग जरा वेळ गप्प. मग म्हणाले, 'ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा जाम घाबरलो होतो गं.'

वर्षभरात पहिल्यांदाच. मग ते बोलतच राहिले. आणि मागून आईचा आवाज काही आला नाही. तीही ऐकत होती.

स्टोरी लिहिली मी. फक्त 'विअर्ड' हा शब्द तेवढा खोडला.