पाच वर्षांची बंदी

आमच्या भिवापुरात लेक सासरी जायची म्हणजे उमरेड, पवनी, फार झाले तर नागपूरचा इंदोरा. आता एखादे स्थळ कॅनडाचेही येते. समाजाची पोरे शिकली, त्याचेच हे फळ. पण लग्न लागले म्हणजे नवऱ्यामागे बायको लगेच विमानात बसली, असे होत नाही. नवऱ्याला तिकडच्या सरकारकडे तिची लेखी हमी द्यावी लागते. तिलाच स्पॉन्सरशिप म्हणतात. आणि बायकोवर आधीच प्रवेशबंदी असेल तर? आमच्या वस्तीतील एका घरावर ही वेळ आली. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही लोकांचे अर्ज भरून देतो, म्हणून त्यांचा कागदांचा गठ्ठा आमच्यापुढे आला. घरच्यांना विचारूनच, नावे न देता, लिहीत आहोत.

मुलगी बी.एस्सी. झालेली. आई मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाणारी. २०१९ साली मुलीने शिक्षणासाठी कॅनडाचा व्हिसा मागितला. एजंटाने बँकेत पैसे असल्याचे खोटे पत्र अर्जाला जोडले आणि पोरीची सही कोऱ्या कागदावर घेतली. तिकडे पत्राची चौकशी झाली आणि नकार आला. नुसता नकार नव्हे, तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी. एजंटाने फोन उचलणे बंद केले. तिकडचा कायदा सांगतो, अर्ज तुमचा तर जबाबदारीही तुमची. दुसऱ्याने केले म्हणून सुटका होत नाही. ही बंदी पूर्वी दोन वर्षांची असे, नोव्हेंबर २०१४ पासून ती पाच वर्षांची झाली.

२०२१ मध्ये तिचे लग्न ठरले. मुलगा आपल्याच समाजातला, तिकडे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला, गोदामात नोकरीला. बंदीची गोष्ट मुलीने लग्नाआधीच त्याला सांगितली, याचे आम्हाला विशेष कौतुक वाटते. घरच्यांना वाटले, आता लग्न झाले, नवरा तिकडे आहे, म्हणजे वाट मोकळी झाली. तसे नव्हते. खोट्या माहितीची बंदी चालू असेपर्यंत कायम वास्तव्याचा अर्जच करता येत नाही, मग नवरा तिकडे असो की नसो. अर्ज भारतातून केला असेल तर नकाराचा अंतिम निर्णय झाल्या तारखेपासून पाच वर्षे मोजायची.

तीन वर्षे नवरा वर्षातून एकदा महिनाभर यायचा. वस्तीत कुजबुज सुरू झाली, नवऱ्याने टाकली म्हणून. कोणी म्हणे, पोरीने गुन्हा केला असेल. अशा लोकांना आम्ही भदंत सुरेई ससाईंची आठवण द्यायचो. १९८७ साली व्हिसाची मुदत संपली म्हणून त्यांना देशाबाहेर पाठवायची पाळी आली होती. पुढे तो निर्णय फिरला आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. कागदात अडकलेला माणूस चोर नसतो. काही बाया मुलीला सांगायच्या, रमाईसारखी धीराने राहा. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, तेव्हा रमाईने काढलेले दिवस आपल्या घराघरात सांगतात, ते योग्यच आहे. पण रमाईचे नाव घेऊन पोरीला गप्प बसवणे आम्हाला पटत नाही. ती घरी बसली नाही, एका शाळेत नोकरीला लागली.

तसे पाहता कॅनडाच्या दाराशी बायकोला अडवणे जुनेच आहे. १९०८ च्या नियमाने मायदेशातून थेट प्रवास करून न येणाऱ्याला तिथे उतरू देत नसत, आणि आपल्याकडून थेट जहाज मिळतच नसे. तिथल्या शीख मजुरांना बायकामुले आणायची वाट मिळाली ती १९१९ साली.

२०२४ मध्ये बंदी संपली आणि खरा वाद तेव्हा झाला. अर्जात सरळ प्रश्न असतो: कोणत्याही देशाने तुम्हाला पूर्वी व्हिसा नाकारला आहे काय? सासरकडच्या एका नातलगाने सल्ला दिला, बंदी संपली, पासपोर्टही नवा आहे, 'नाही' लिहून मोकळे व्हा. आम्ही साफ विरोध केला. २०१९ मध्येच तिच्या दहा बोटांचे ठसे घेतलेले होते. पासपोर्ट बदलला तरी बोटे तीच. त्यात 'नाही' हे पुन्हा खोटे ठरले असते आणि आणखी पाच वर्षे गेली असती. दोन रविवार वादात गेले. शेवटी मुलगीच म्हणाली, "काका, 'हो' लिहा."

मग नकाराच्या पत्राची प्रत, एजंटाला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि काय घडले त्याची एक पानभर हकीकत जोडली. लग्न खरे आहे हेही दाखवावे लागते, कारण परदेशात जाण्यासाठीच केलेले लग्न ते मानत नाहीत. फोटो, फोनच्या नोंदी, नवऱ्याने पाठवलेले पैसे, सारे लावले. आपल्या लग्नात होम नाही, सप्तपदी नाही. पांढऱ्या कपड्यातले वधूवर त्रिशरण पंचशील घेतात. फोटो पाहणाऱ्याला ते लग्न वाटेल की नाही, अशी शंका आली म्हणून बौद्ध विवाहविधी इंग्रजीत समजावून लिहिला. विवाह नोंदणीचा दाखला मात्र हवाच. विहारात लग्न लावून नोंदणी न करणारे अजून कितीतरी आहेत, त्यांनी हे वाचून लगेच उठावे.

नवऱ्यालाही समजावले. पत्नीच्या उदरनिर्वाहाची हमी तीन वर्षांची असते आणि मधे संसार मोडला तरी ती सुटत नाही. पैसे घेऊन सल्ला देणारा वकील नसेल तर तो तिकडच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत आहे का, ते आधी पाहायचे. नागपूरच्या पाट्यांवर जाऊ नये.

मधे एकदा पत्र आले, जुन्या प्रकरणाचा खुलासा मागणारे. हकीकत आधीच दिली होती, तीच पुन्हा सविस्तर पाठवली. २०२५ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर महिनाभराने व्हिसा आला. आईने सामानात भिवापुरी मिरचीची पूड दिली. नकाराचे जुने पत्र मुलीने हातातल्या पिशवीत ठेवले होते, विचारले तर दाखवायला. टोरांटोला उतरल्यावर कोणी विचारले नाही.