सेल्फ गेला नव्हता

सुर्ल्यात आमच्या अंगणात टिपर उभा राहिला तो २०१८ च्या मार्चमध्ये. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारीत खाणींची लीजं रद्द केली आणि मार्चच्या मध्यावर गोव्यातलं खनिज काढणं थांबलं. तसं ते २०१२ मध्येही थांबलं होतं. पण तेव्हा ‘आज ना उद्या सुरू होईल’ असं म्हणायची हिंमत होती. या खेपेला ती नव्हती. निपाणीहून ट्रक घेऊन इथं आलेल्या ह्यांना तर नव्हतीच.

पावसाळा सरल्यावर एक गिऱ्हाईक ट्रक बघायला आलं. बॅटऱ्या आदल्याच दिवशी चार्ज करून आणलेल्या. ह्यांनी चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्, टक्. इंजिन हललं नाही. मिस्त्री आला, त्यानं हेडलाइट लावले. लख्ख! “बॅटरी ठीक आहे. म्हणजे सेल्फ गेला,” तो म्हणाला. गिऱ्हाइकानं तिथल्या तिथं भाव पाडला.

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवतात. त्या दिवशी ह्यांचं ताट वाढलेलं तसंच राहिलं. मी बोलून गेले, “सहा महिन्यांत एकदा तरी चालू करून बघायचा होता. नुसतं बसून काय होतं?” ते गप्पच राहिले.

दुसऱ्या दिवशी आयटीआयला शिकणाऱ्या मुलानं मल्टिमीटर आणला. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हे चावीपाशी, मुलगा ट्रकखाली, आकडे वाचायला मी. बॅटऱ्यांच्या दोन टोकांना मीटर लावला: २५.२. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून एवढे. “हे बसल्या जागचं माप, आई. बसल्या जागी सगळं ठीकच दिसतं. बाबा, मारा सेल्फ!” टक्. २४.३. भार पडूनही बॅटऱ्या टिकल्या होत्या. मग सेल्फपाशी मीटर लावून परत चावी फिरवली. १३.

“बॅटरीपाशी चोवीस, सेल्फपाशी तेरा. मधले अकरा कुठं गेले?” हिशेबाची वही लिहिणाऱ्या मला हा प्रश्न चटकन कळला.

मग वाटेवरचा एकेक तुकडा तपासला, दर वेळी चावी फिरवून. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.४. म्हणजे जायची वाट साफ. मायनसपासून चासीपर्यंत ०.२. चासीपासून इंजिनपर्यंत १०.७! चोरी परतीच्या वाटेवर होती. दिव्यांना करंट थोडका लागतो आणि तो चासीवरूनच परत जातो. म्हणून ते लख्ख. सेल्फला करंट लागतो शेकड्यांनी अँपिअर, आणि तो इंजिनवरून तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं चासीवर येतो. त्या पट्टीच्या नटाखाली खाणीची लाल धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस बसला होता.

मुलानं आधी बॅटरीची मायनस वायर काढली, मग नट सोडवला. पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं, पट्टी परत आवळली, वायर जोडली. ह्यांनी चावी फिरवली आणि धूर ओकत टिपर असा गरजला की शेजारची माणसं बाहेर आली.

मुलगा मीटरच्या वायरी गुंडाळत म्हणाला, “मीटर कधी एका जागेचं सांगत नाही गं. दोन जागांच्या मधलं सांगतो.” तो सहज बोलला. मला मात्र आदल्या संध्याकाळचं माझं बोलणं आठवलं. काम गेलेल्या माणसावर मी ‘गेला’ असा शिक्का मारला होता, त्या मिस्त्रीसारखाच. मधलं काही न तपासता.

पुढच्या आठवड्यात टिपर गेला, ठरल्या भावाला. त्याच्या जागी अंगणात तेलाचा काळा डाग उरला. त्या दिवशी ऊन असतानाच मी तीन ताटं घेतली आणि म्हटलं, “अहो, बसा. त्या दिवशी मी चुकले.” त्यांनी पाट ओढला.