रॉक लीला कोण घेणार?

नारुटो कोण हे तुम्हाला मी काय सांगणार! आमच्या सानगडीच्या शाळेत मुलांनीच मला ते शिकवलं. मधल्या सुट्टीत तळहातावर न दिसणारा गोळा गरगर फिरवायचा, "रासेंगन!" म्हणून ओरडायचं आणि व्हरांड्यातून सुसाट पळायचं. म्हटलं, हे काय नवीन खूळ?

ही सगळी करामत मासाशी किशिमोटो या चित्रकाराची. जपानमधल्या ओकायामा भागातल्या नागी या लहानशा गावात तो वाढला. १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं त्याची ही चित्रकथा एका साप्ताहिकात चालली. हो, तुमच्या हातात आहे तसंच साप्ताहिक! तब्बल ७०० भाग झाले. २००२ मध्ये तिची कार्टून मालिका आली आणि २००३ पासून मारामारीचे व्हिडिओ गेम. त्यातला 'अल्टिमेट निन्जा स्टॉर्म' २००८ सालचा. २०२४ मध्ये तो मोबाईलवर आला आणि मग काय विचारता!

आता गंमत पाहा. मूळ गोष्टीत रासेंगन शिकताना नारुटोच्या नाकी नऊ येतात. गुरू जिराइया त्याला आधी पाण्याने भरलेला फुगा देतो. हा फुगा दाबून नाही, तर आतलं पाणी फिरवून फोडायचा. ते जमलं की रबरी चेंडू. तोही फुटला की तिसरा धडा, सगळ्यात अवघड: फुग्यात वादळ फिरवायचं, पण फुगा फुटता कामा नये! दिवसच्या दिवस जातात, हात भाजून निघतो. आणि गेममध्ये? प्लेस्टेशनवर आधी त्रिकोणाचं बटन, मग गोलाचं. झाला रासेंगन.

(हा जिराइया किशिमोटोच्याही आधीचा बरं का! बेडकांची जादू जाणणारा जिराइया एकोणिसाव्या शतकापासून जपानी कादंबऱ्यांत आणि काबुकी नाटकांत आहे. आपल्याकडे मंडईला दंडारीत जुनी आख्यानं नव्या ढंगात येतात ना, तसंच.)

माझा जीव मात्र जडला रॉक लीवर. निन्जांच्या गावात राहून या मुलाला निन्जांची जादू येतच नाही. त्याच्याकडे फक्त हात, पाय आणि मेहनत. पायाला जड वजनं बांधून तो सराव करतो. गाआराशी लढताना ती सोडून टाकतो, तर जमिनीला खड्डे पडतात! तरीही तो हरतो. एक हात, एक पाय चिरडतो. आता तुला निन्जा होता येणार नाही, असंच सगळे म्हणतात.

हे मी चौथीच्या वर्गात सांगत होते. मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. मोठ्याने वाचायची पाळी आली की त्याला हटकून तहान लागते. तो ताडकन उठला. "नाही जी मॅडम! गेममध्ये ली जिंकते. मामाच्या मोबाईलवर मी सोता गाआराले हरवलो!"

वर्ग हसला. पण पोराचं खरंच होतं. असा गेम करणाऱ्यांना एक पथ्य पाळावंच लागतं: कुठलाही गडी निवडा, तो जिंकू शकला पाहिजे. नाहीतर त्याला घेणार कोण? म्हणून गोष्टीत मोडून पडलेला ली खेळात ताठ उभा असतो. मला हे आवडलं. फक्त वजनं बांधून धावण्याचं बटन त्यात नाही.

आईबाबांनो, रात्री नऊनंतर मोबाईल नको, याबाबत मीही कडक आहे. पण हातातून हिसकावण्याआधी एकदा विचारा तर, तू कोणता गडी घेतोस आणि का? मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "लीले कोणी घेतच नाही जी, म्हणून मी घेतो."

लीची गोष्ट मी आता मराठीत एका वहीत लिहून काढते आहे, रोज एक पान, मोठ्या अक्षरात. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन ती वाचतो. परवा चार ओळी झाल्या, काल सात. गाआराशी लढाई अजून यायची आहे.